केसरीनाथचा कान

भिवंडीत आज कुणालाही केसरीनाथ तरेबद्दल विचारा, माणूस आधी हसेल. तो बहिरा ना, पोकळ खांबाला गेरू लावणारा? एवढंच म्हणेल आणि चहा मागवेल. तीस-पस्तीस वर्षं राबलेल्या माणसाच्या नावावर शेवटी एक विनोद उरला, आणि तो विनोद मी रचला होता. त्यामुळे त्याची हकीगत सांगायला मी काही योग्य माणूस नाही, हे मला कळतं. पण इतरांना ती पुरती ठाऊक नाही, आणि ज्या एकाला ती सांगायला हवी होती त्याला मी सांगितली नाही.

केसरीनाथ दापोड्याचा. घरची भातशेती चार भावांत वाटली गेली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला अंगणाएवढा तुकडा आला. सोळाव्या वर्षी तो गुलाम हुसेनच्या कारखान्यात लूमवर लागला आणि अकरा वर्षं बारा-बारा तासांची ड्युटी केली. चालू कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेल्यांसाठी सांगतो, तिथे बोलणं असं नसतंच. चाळीस लूम एका छताखाली धडधडत असतात. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून समजून घेतात, आणि बाहेर टपरीवर आली तरी त्याच सवयीने ओरडत बोलतात. या गावात कुणाचा कान गेला तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण सगळेच ओरडतात आणि सगळेच ओठ बघतात.

लूम सुटल्यावर तो तोडकामाच्या टोळीत गेला. जुनी बांधकामं पाडायची, सळया वेगळ्या काढायच्या, दगड-विटा विकायच्या. त्या कामात एक विद्या लागते. जे पाडायला आलो त्यातलं काय आधीच पडायच्या बेतात आहे, हे हात लावण्यापूर्वी कळावं लागतं, नाहीतर ते आपल्याच डोक्यावर येतं. टोळीतले दोघे तसे गेल्यावर केसरीनाथने हातोडीने ठोकून बघायला सुरुवात केली. बाजारात बायका मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात, तसंच. आतून घट्ट असलेलं काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. हे कुणालाही कळेल. पण थोडं सुटलेलं, सुटायला लागलेलं, एका बाजूने सुटलेलं, आत सळई फुगून बाहेरच्या थराला ढकलू लागलेली, एवढं सगळं त्याला त्या एका आवाजात ऐकू यायचं. मी त्याची परीक्षा घ्यायचा प्रयत्न खूप वेळा केला आणि दर वेळी तोंडावर आपटलो.

मी डिप्लोमा इंजिनिअर. कल्याण रोडला झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस. दोन हजार साल उजाडलं आणि भिवंडीत लूम भंगाराच्या भावाने किलोवर जायला लागले. मानकोली, दापोडे, सगळीकडे गोदामांचं पीक आलं. लूमच्या हादऱ्यांसाठी जुन्या शेडचे खांब जाडजूड बांधलेले असत, डोक्यावर पक्का स्लॅब असे. मालकांनी विचार केला, हे पाडायचं कशाला? यावरच दोन मजले चढवू, नवा पाया आणि नवे खांब वाचले. विचार चुकीचा नव्हता. अडचण एवढीच, की सत्तरच्या दशकातल्या अर्ध्या शेड खाडीची रेती न धुता वापरून उभ्या राहिल्या होत्या. त्या रेतीतल्या मिठाने आतली सळई सडते, वरून मात्र खांबाला नवा रंग दिलेला असतो. म्हणून नवं ओझं टाकण्याआधी एकेक खांब तपासावा लागे. ते काम कायद्याने माझं होतं. लोक आधी केसरीनाथला बोलावत.

त्याची पद्धत ठरलेली. तो आला की आधी सगळ्या गल्लीतले लूम बंद करायला लावायचा. एका शेडसाठी दहा कारखाने अर्धा तास थांबायचे, आणि एरवी बापालाही न जुमानणारे मालक त्याच्यासाठी स्विच पाडायचे. मग चपला बाहेर काढून तो आत शिरे. खांबाच्या चारही बाजूंना, गुडघ्याशी, छातीशी आणि स्टुलावर चढून डोक्याच्या वर, असे बारा ठोके. डावा कान खांबाला, उजव्या कानात बोट. खांब चांगला असेल तर ओल्या गेरूत अंगठा बुडवून खूण, वाईट असेल तर चुन्याची फुली. फुली मारताना तो मालकाकडे बघत नसे. गयावया झाली, शिव्या झाल्या, तरी फुली पुसली जात नसे. सख्ख्या मेव्हण्याच्या शेडमध्ये बारापैकी नऊ खांबांवर त्याने फुल्या मारल्या. मेव्हण्याने त्या दिवसापासून बोलणं टाकलं आणि केसरीनाथच्या बायकोचं, हौसाचं, माहेर कायमचं बंद झालं. ती यावर नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. मला एकदा म्हणाली होती, की त्यांनी खांबाला विचारला, खांबानं सांगितला, आता त्यात त्यांचा काय गुन्हा.

माझ्याकडे यंत्र होतं. रिबाउंड हॅमर, सेकंडहँड पण परदेशी बनावटीचा. नळीसारखा असतो. खांबावर दाबला की आतली स्प्रिंग ठोका मारते आणि काट्यावर आकडा येतो. आकडा मोठा तर काँक्रीट मजबूत. २००१ साली गुलाम हुसेनच्याच शेडमध्ये आम्ही दोघे एकाच दिवशी गेलो. कोपऱ्यातल्या खांबावर माझ्या यंत्राने अडतीस दाखवले. म्हणजे पहिलवान खांब. केसरीनाथने त्यावर फुली मारली. मी सगळ्यांदेखत त्याला विज्ञान समजावून सांगितलं, अगदी लहान पोराला सांगावं तसं. गुलाम हुसेन शांत माणूस, त्याने वाद मिटवायला खांबाचा कोपरा फोडायला लावला. आत सळई उदबत्तीएवढी उरली होती आणि तिच्याभोवती गंजाचा चिखल. जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेने कडक होते आणि यंत्र फसतं, हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं. मी विसरलो होतो.

"साहब, आपकी मशीन चमड़ी देखती है," गुलाम हुसेन म्हणाला, "केसरी अंदर का देखता है."

तो हे अपमान करायला म्हणाला नव्हता. पण तिथे वीस माणसं उभी होती आणि आठ दिवसांत ते वाक्य अंबाडी नाक्यापर्यंत पोहोचलं. मला बघितलं की लोक चमड़ी, चमड़ी करायचे. मी त्या दिवसापासून केसरीनाथचा दुस्वास केला. तोंडावर केसरीदादा म्हणायचो आणि पाठीमागे त्याच्या अनवाणी पायांची नक्कल करून दाखवायचो.

आणि याच्या पुढचं सांगताना माझी जीभ अजून अडखळते. त्यानंतर मी यंत्र कपाटात ठेवून दिलं. केसरीनाथ जाऊन आला, की मी शेडवर एक फेरी मारायचो, गेरू कुठे आणि फुली कुठे हे वहीत उतरवून घ्यायचो आणि ऑफिसात बसून रिपोर्ट भरायचो. गेरूच्या खांबाला तेहतीस, पस्तीस, चौतीस. फुलीच्या खांबाला सोळा, अठरा. आकडे थोडे मागेपुढे करायचो म्हणजे खरे वाटतात. त्याचा कान माझ्या यंत्रापेक्षा खरा होता, त्यामुळे माझे खोटे रिपोर्ट खऱ्यापेक्षा चांगले निघत. पाच वर्षं मी त्या माणसाच्या कानावर जेवलो, आणि पाच वर्षं त्याचं वाईट कधी होतंय याची वाट बघितली.

२००३ नंतर कधीतरी त्याने लूम बंद करायला सांगणं सोडलं. शेजारचे कारखाने चालू असताना तो आत जाई, खांबाला कान लावी, ठोके मारी आणि गेरू लावून बाहेर येई. लोकांना काय वाटावं? आपल्या लोकांची अक्कल बघा. त्यांना वाटलं, केसरीनाथ सिद्धीला पोहोचला. आता त्याला शांतताही लागत नाही, एवढ्या धडधडाटात खांबाचं ऐकतो. त्याचा भाव दुप्पट वाढला. वाडा रोडवरचे मालक गाडी पाठवून त्याला नेऊ लागले. फुल्याही कमी झाल्या होत्या. मालकांना तेही आवडलं, आणि कमी फुल्यांचं कारण कुणी विचारलं नाही.

मला संशय आला तो २००५च्या दिवाळीनंतर. मानकोली नाक्यावर तो रस्ता ओलांडत होता. मागून ट्रकने एवढा मोठा हॉर्न मारला की टपरीवरच्या माणसाच्या हातचा चहा सांडला. केसरीनाथने मान वळवली नाही. ट्रक त्याच्या सदऱ्याला घासून गेला तेव्हा कुठे तो दचकला. मी तिथे उभा होतो आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, सणासारखा आनंद झाला.

देवेश भोईर हा तेव्हा मानकोलीतला उगवता गोदामवाला. बापाची जमीन विकून त्याने तीन जुन्या शेड घेतल्या होत्या आणि चौथी घ्यायच्या बेतात होता. त्याला गंमत आवडायची, म्हणजे दुसऱ्याची. मी त्याच्याकडे संशय बोलून दाखवला. त्याला विश्वास बसेना. मी म्हटलं, बघायचं का. मग मीच नकाशा काढून दिला. चौथी शेड ताब्यात येताच तिच्यात सातव्या आणि आठव्या खांबाच्या मध्ये, एका रांगेत, त्याच मापाचा एक खोटा खांब उभा केला. आत लाकडाच्या चार पट्ट्या, त्यावर सिमेंटची शीट, वरून प्लास्टर आणि जुना दिसावा म्हणून काजळी. आत नुसती हवा. त्यावर ठोका मारला तर पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा आवाज यायचा. लहान मूलही फसलं नसतं.

जानेवारीत, शेडच्या पूजेच्या दिवशी, देवेशने त्याला बोलावलं. पन्नासेक माणसं जमली होती, सगळ्यांना आधी सांगून ठेवलेलं. केसरीनाथने नेहमीप्रमाणे चपला काढल्या. एकेक खांब करत तो सातव्यापर्यंत आला आणि मग त्या खांबाशी. पहिला ठोका मारला तसा मागे कुणीतरी खिदळला. केसरीनाथला ते ऐकू गेलं नाही. पण तो थांबला. हातोडी हातात वेगळी लागली असणार. त्याने पुन्हा मारून बघितलं, तळवा टेकवून बघितला. मग तो वळला आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघू लागला. गेली दोन-तीन वर्षं तो असाच काम करत होता, थोडं मनगटाने आणि थोडं माणसांच्या तोंडाकडे बघून. सगळे गंभीर चेहरे करून उभे. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला, मी सरकारमान्य. मी मान हलवली, हो म्हणून.

त्याने अंगठा गेरूत बुडवला आणि खूण केली.

तो पुढच्या खांबाकडे वळला तोच देवेशने मागून धावत येऊन त्या खांबाला लाथ घातली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पन्नास माणसं हसली. हसता हसता काही जमिनीवर बसली. कुणी ताशा मागवला आणि केसरीनाथच्या कानाशी वाजवला. आणि केसरीनाथ, सगळे हसतायत हे बघून, तोही हसला. त्याला वाटलं काहीतरी आनंदाचं झालं असावं. मग त्याला खांबातून बाहेर आलेला देवेशचा बूट दिसला. तो भोकाजवळ गेला, आत हात घालून त्याने पट्टी चाचपली आणि हात तसाच आत ठेवून उभा राहिला. मी त्या वेळी सगळ्यांत मोठ्याने हसत होतो.

मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात, ते मला संध्याकाळी ऑफिसात बसल्यावर कळलं. तीन वर्षांपासून हा ऐकत नव्हता. तीन वर्षं मी त्याचाच गेरू बघून आकडे भरत होतो. म्हणजे त्या सगळ्या इमारती कुणीच तपासल्या नव्हत्या. ना कानाने, ना यंत्राने. कपाटातून फाइली काढून मोजल्या, अकरा निघाल्या. त्यांवर दोन-दोन मजले चढले होते, माल भरला होता, खाली माणसं काम करत होती. मला दरदरून घाम फुटला. पण तो त्या माणसांसाठी नव्हता, माझ्या लायसनसाठी होता.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ माझ्या ऑफिसात आला. जिन्यावरून हौसाचा हात धरून आला, एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा. तो भांडायला आला असेल असं मला वाटलं. त्याने खिशातून कागद काढला. त्यावर हौसाने शेजारच्या मुलीकडून अकरा नावं लिहून घेतली होती. माझ्या फाइलींतली तीच अकरा.

"सायेब, माझा कान तीन वरसं झाली, जातोय," तो म्हणाला. "मना वाटलं खांबच हलू आवाजात बोलायला लागलं. मंग हातानं बघायला लागलो. ही अकरा ठिकाणं त्यातली हायत. मना झोप न्हाय."

तो माझ्या ओठांकडे डोळे लावून होता.

"तुमी सगल्या ठिकाणी मशीन लावलेली ना?" त्याने विचारलं. "तुमचा रिपोर्ट हाय ना सगल्यांचा?"

किती सोपं होतं. नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात खांब फोडून बघता आले असते, टेकू लावता आले असते, वरचा माल उतरवता आला असता. माझं लायसन गेलं असतं, कदाचित मी आतही गेलो असतो. मी त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून, नीट समजेल असं म्हटलं, की होय, मशीन लावलं होतं, सगळ्या ठिकाणी लावलं होतं.

केसरीनाथने हात जोडले. मग मी सुटलो, असं काहीसं तो पुटपुटला आणि खुर्चीतच रडला. हौसा माझ्याकडे बघत होती. तिचा विश्वास बसला नसावा असं मला वाटलं, पण तिने नवऱ्याचं तोंड पदराने पुसलं आणि त्याला घेऊन ती जिना उतरून गेली.

त्यानंतर त्याला काम कुणी दिलं नाही. पोरं रस्त्यात त्याच्या पाठीवर ठोकायची आणि पोकळ, पोकळ ओरडायची. त्याच्याकडून गेरू लावून घेतलेल्या मालकांनी हात झटकले. कुणीही आपला खांब फोडून बघितला नाही. भाडं चालू होतं, फोडून बघणार कोण? गेरू तर गेरू, वर इंजिनिअरचा रिपोर्ट आहेच, असं ते म्हणत. मी त्यांना दुजोरा द्यायचो.

सहा महिन्यांनी देवेशला दया आली, किंवा फुकटातला माणूस दिसला. त्याने केसरीनाथला दापोड्याच्या आपल्या गोदामावर वॉचमन ठेवलं, राहायला खाली एक खोली दिली. जुन्या शेडवर दोन मजले चढवलेलं हे गोदाम त्या अकरातलंच होतं. केसरीनाथ जाण्याआधी पुन्हा माझ्याकडे आला. मना बाकी काय नको, म्हणाला, फक्त एवढा सांगा, दापोड्याचा पण मशीननं बघितलेला ना, तिथं मी हौसाला घेऊन राहनार. मी म्हटलं, ते तर मी स्वतः दोनदा बघितलंय. दोनदा हा शब्द मी का घातला, ते मला आजही सांगता येत नाही. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

२००७च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, ते गोदाम बसलं. वरच्या दोन्ही मजल्यांवर फरशांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. बाहेर ट्रक भरणाऱ्या हमालांनी नंतर सांगितलं, की आधी दहा मिनिटं बांबू पिचल्यासारखे आवाज येत होते. मग प्लास्टरच्या खपल्या पडू लागल्या. सगळे ओरडत बाहेर पळाले. केसरीनाथ खोलीत दाराकडे पाठ करून भाजी निवडत बसला होता. हौसा बाहेर बोअरिंगवर कपडे धूत होती. ती उठली आणि हाका मारू लागली. अवो, अवो, म्हणत होती. मग हमालांनी ऐकलं ते असं, की तिने त्याचं नाव घेतलं. त्या पिढीतली बाई, लग्नाला तीस वर्षं झाली, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिने तीनदा केसरीनाथ म्हणून हाक मारली. मग ओल्या हातांनी आत धावली. त्याला दंडाला धरून ओढत दारापर्यंत आणलं आणि पाठीत धक्का देऊन बाहेर लोटलं. तो बाहेर तोंडावर पडला. ती आत राहिली.

चार दिवसांनी पोलिसांनी मला सरकारी दवाखान्यात बोलावलं. केसरीनाथचा खांदा मोडला होता, तो खाटेवर बसून होता. फौजदार ओरडून ओरडून दमला होता, पण त्याच्या झुबकेदार मिशांखालचे ओठ केसरीनाथला वाचता येत नव्हते. फौजदार मला म्हणाला, तुम्ही त्याच्या ओळखीचे आहात, रिपोर्टही तुमचाच आहे, तुमचाही जबाब घ्यायचाच आहे, तर प्रश्न तुम्हीच विचारा. फाइल त्याने चाळली होती. तेहतीस, चौतीस, पस्तीस. त्याला त्यात काही खोट दिसली नव्हती.

मी स्टूल ओढून केसरीनाथसमोर बसलो आणि फौजदाराचे प्रश्न एकेक करून त्याला विचारले. त्याने माझ्या ओठांवरून नजर काढली नाही.

"सायबांनी मशीन लावलेली," तो फौजदाराकडे बघून म्हणाला. "दोनदा. त्यांचा काय दोष न्हाय. माझा कान गेलेला आनि मी लपवला, लिवून घ्या."

हवालदार लिहीत होता. कुणावर संशय आहे का, हे मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. आणखी काही सांगायचं आहे का, विचारलं. बऱ्या हाताने त्याने माझं मनगट धरलं.

"मना कोन सांगत न्हाय," तो म्हणाला. "तिनं हाक मारलेली का?"

मला दोन खऱ्या गोष्टी ठाऊक होत्या. एक सांगितली असती तर त्या खोलीतून मला बेड्या घालून नेलं असतं आणि बाकीची दहा गोदामं त्याच दिवशी रिकामी झाली असती. दुसरीने माझं काहीच बिघडणार नव्हतं. त्याला आता खोटं सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि मला त्या निश्चयाचं बरंही वाटलं.

मी मान हलवली, हो म्हणून. त्याने विचारलं, काय म्हणून मारली. मी तोंड मोठं उघडून, सावकाश, त्याला नीट दिसेल असं त्याचं नाव उच्चारलं. त्याला पटलं नाही. त्याने मला पुन्हा म्हणायला लावलं आणि मी पुन्हा म्हटलं.

"कितीदा?"

मी तीन बोटं वर केली. केसरीनाथने माझं मनगट सोडलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, म्हणजे आता त्याला कुणाचं काही कळणार नव्हतं. हवालदाराने जबाबाच्या कागदावर त्याचा अंगठा धरून उठवला आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली.